सकाळचा पहिला जॉब साईजला का येत नाही?

हिवाळा सुरू झाला की कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या छोट्या मशिन शॉपमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्री शेवटचा जॉब अगदी मध्यावर होता. ऑफसेटला कुणी हात लावला नाही, इन्सर्ट तोच, प्रोग्राम तोच. आणि सकाळी सातचा पहिला बोअर पंधरा-वीस मायक्रॉननं टाइट! ऑपरेटर ऑफसेट मारतो, दुपारी बोअर ओव्हरसाईज जायला लागतात, मग रात्रपाळी आणि दिवसपाळी एकमेकांकडं बोट दाखवतात. शेवटी सर्व्हिस इंजिनिअरला बोलावणं जातं. तो अकरा-बाराच्या सुमारास येतो, तेव्हा मशिन बिचारं शहाण्यासारखं चालत असतं. व्हिजिटचं बिल मात्र द्यावंच लागतं.

तुमच्याकडंही हे होत असेल, तर मशिनवर पैसे घालण्याआधी पुढचं वाचा. बहुतेक वेळा उपाय फुकटातला असतो.

नेमबाजांना हे आधीपासून ठाऊक आहे

आपल्या जिल्ह्यात रायफलची भाषा समजणारे लोक कमी नाहीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. या प्रकारात ५० मीटरवरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणून स्पर्धेआधी नेमबाजाला तयारी आणि सायटिंगसाठी पंधरा मिनिटं मिळतात. त्या वेळात हव्या तितक्या गोळ्या झाडा, त्यांचे गुण धरत नाहीत.

थंड रायफलची पहिली गोळी बाजूला जाते, याची कारणं तीन. एक, नळी थंड असते. दोन, नळी साफ करून तेलाचा हात फिरवलेला असतो; .२२ च्या गोळीवरच्या मेणकट वंगणाचा थर आत पुन्हा बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या वेगळ्या वागतात. आणि तीन, नेमबाज स्वतःच अजून बसलेला नसतो; श्वास, खांदा, ट्रिगरवरचं बोट यांची लय लागायची असते. हे तिसरं कारण कबूल करायला कुणालाच आवडत नाही, पण दोष पुष्कळदा तिथंच असतो.

मुरलेला नेमबाज पहिल्या गोळीवरून साईट फिरवत नाही. तो ती गोळी वहीत वेगळी लिहून ठेवतो. रोज पहिली गोळी एकाच बाजूला, साधारण तेवढीच जात असेल तर कारण रायफलमध्ये आहे. रोज वेगवेगळ्या बाजूला जात असेल तर कारण माणसात किंवा तयारीत आहे. शॉपमध्ये आपण नेमकं उलट करतो: पहिल्या जॉबवर ऑफसेट मारतो आणि वहीत काहीच लिहीत नाही.

मशिनमध्ये नेमकं काय हलतं?

तत्त्वज्ञान नको, तीन आकडे पुरेत. एक मीटर पोलाद एका अंशानं तापलं की साधारण ११.५ मायक्रॉननं वाढतं. बीड थोडं कमी, साडेदहाच्या आसपास. ॲल्युमिनियम मात्र २३, म्हणजे पोलादाच्या दुप्पट.

आता हे आपल्या हवेवर बसवून बघा. जानेवारीत कोल्हापूर परिसरात पहाटे पारा १४-१५ अंशांवर असतो आणि दुपारी तिशीकडं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या शटरजवळ उभ्या असलेल्या मशिनला हा सगळा चढउतार सोसावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसरात्रीचा फरक थोडा असतो, म्हणून पावसाळ्यात ही तक्रार आपोआप कमी होते. मालकाला वाटतं, ऑपरेटर सुधारला.

बाहेरच्या हवेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मशिन स्वतः निर्माण करतं ती उष्णता:

- बॉलस्क्रू. नट सतत मागंपुढं धावतो, घर्षणानं स्क्रू तापतो. ५०० मिलिमीटरचा पट्टा आठ अंशांनी तापला तर ४६ मायक्रॉन लांब होतो. स्क्रू ज्या टोकाला पक्का धरलेला असतो तिथून लांब गेलात की चूक वाढत जाते. म्हणून एकाच पॅलेटवरच्या दोन फिक्स्चरमध्ये वेगवेगळी साईज येते.
- स्पिंडल. बेअरिंग तापतात, स्पिंडल पुढं वाढतो. व्हीएमसीवर थंड अवस्था ते कामाची अवस्था यात झेडमध्ये वीस ते पन्नास मायक्रॉनचा फरक पडणं नवलाचं नाही. खोली बहुधा वाढतच जाते.
- हेडस्टॉक. सीएनसी लेथवर हेडस्टॉक तापून सेंटर सरकतं. एक्समध्ये दहा मायक्रॉन सरकलं की व्यासावर वीस दिसतात. कोणत्या बाजूला सरकेल, हे मशिनच्या बांधणीवर आहे. शेजारच्याचा अनुभव तुमच्या मशिनला लागू होईलच असं नाही.
- कुलंट. रात्रभर टाकीत पडून गार झालेलं कुलंट सकाळी जॉबवर पडतं. दुपारी तेच कोमट असतं.
- हायड्रॉलिक. थंड तेल दाट असतं. प्रेशर गेजचा काटा बरोबर दिसला तरी चकची पकड लगेच नेहमीसारखी बसते असं नाही.

मशिन तापलं की वाढतं, पण कायम वाढत राहत नाही. तासाभरात, मोठ्या मशिनवर जास्त वेळात, उष्णता येणं आणि जाणं सारखं होतं आणि साईज स्थिर होते. आपली सेटिंग असते ती या स्थिर अवस्थेतली.

सगळ्यात महाग चूक: पहिल्या जॉबवरून ऑफसेट

एक उदाहरण सविस्तर बघू, कारण पैसे इथंच जातात.

समजा, बिडाच्या जॉबमध्ये ८० एच७ चा बोअर आहे. मर्यादा ८०.००० ते ८०.०३०. काल रात्री तुम्ही मध्यावर, ८०.०१५ वर होता. सकाळी पहिला जॉब ७९.९९८ आला. दोन मायक्रॉननं बाद. ऑपरेटर हुशार आहे. तो १७ मायक्रॉनचा वेअर ऑफसेट देतो. दुसरा जॉब ८०.०१५. शाबास! सुपरवायझर फर्स्ट पीस रिपोर्टवर सही करतो आणि ठरल्याप्रमाणं दर दहा जॉबला एक तपासायचं असं सांगून निघून जातो.

इकडं मशिन तापत जातं. सकाळची १७ मायक्रॉनची तूट आपोआप भरून निघणारच होती. ती भरून निघते आणि वर आपला ऑफसेटही बसलेला असतो. साडेआठच्या सुमारास बोअर ८०.०३२ वर पोचतो. दोन तपासण्यांच्या मध्ये चार-पाच जॉब निघून गेलेले असतात. आता फरक बघा: सकाळी टाइट आलेला बोअर पुन्हा मारून वाचवता आला असता. मोठा झालेला बोअर भंगारात. एक जॉब वाचवायला गेलो आणि पाच घालवले, वर बिडाचे, मशिनिंगचे आणि गाडीभाड्याचे पैसे वेगळे.

मग रिजेक्शन पाहून ऑपरेटर ऑफसेट उलटा मारतो. जेवणाच्या सुट्टीत मशिन गार होतं. दुपारी पुन्हा तोच खेळ. संध्याकाळी ऑफसेटचं पान उघडलंत तर दिवसभरात दहा-बारा वेळा आकडा बदललेला सापडेल. मशिननं कधीच इतक्या उड्या मारलेल्या नसतात.

म्हणून नियम एकच: थंड मशिनवर पहिल्या जॉबची साईज बघा, लिहा, पण तिच्यावरून ऑफसेट मारू नका. मशिन चालू व्हायच्या आधी काही करायचं असेल तर ते ऑफसेटच्या पानावर नाही.

आधी निदान: दहा जॉब, हात न लावता

थंडीचा दोष आहे की दुसराच, हे ठरवायला एक सकाळ पुरते. कमी किमतीचे किंवा आधीच बाद झालेले कास्टिंग घ्या, साईज सुरक्षित बाजूला ठेवा, म्हणजे बोअरला थोडी कमी, आणि सलग दहा जॉब काढा.

१. ऑफसेटला हात लावायचा नाही. कितीही मोह झाला तरी.

२. प्रत्येक जॉबवर क्रमांक आणि वेळ खडूनं किंवा मार्करनं टाका.

३. जॉब मशिनमधून काढल्या काढल्या मोजू नका. तपासणीच्या टेबलावर मास्टर रिंगशेजारी ठेवा आणि दहाही जॉब एकाच तापमानाला आल्यावर ओळीनं, एकाच माणसानं, एकाच बोअर गेजनं मोजा.

४. आकडे वहीत एकाखाली एक लिहा. आलेख काढलात तर उत्तम, नाही काढला तरी दिसतं.

आता वाचन असं करा:

- साईज एका दिशेनं हळूहळू सरकते आणि नंतर थांबते: थंड मशिन. पुढचे उपाय तुमच्यासाठी आहेत.
- फक्त पहिला जॉब वेगळा, दुसऱ्यापासून एकदम सरळ: पकड, नवा इन्सर्ट, फिक्स्चरमधली चिप किंवा ढिला राहिलेला टूल होल्डर. उष्णता अशी एका उडीत येत नाही.
- एका दिशेनं सरकते आणि थांबतच नाही: इन्सर्ट झिजतोय, किंवा बेअरिंग नको तितकं तापतंय. स्पिंडल नोजला हात लावून बघा; हात ठेववत नसेल तर सर्व्हिस बोलवा.
- वरखाली, काही ताळमेळ नाही: फिक्स्चर, गेज किंवा मोजणारा हात. मोजणाऱ्याची परीक्षा आधी घ्या. एकच जॉब त्याला न सांगता तीनदा मोजायला द्या.
- बॅकलॅश असेल तर तो दुपारीही असतो. दुपारी सगळं ठीक असेल तर बॉलस्क्रू बदलायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

व्हीएमसी असेल तर आणखी एक चाचणी करून घ्या. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल लावा, टेबलावर मॅग्नेटिक बेस आणि लिव्हर डायल बसवा. थंड मशिनवर मँड्रेलचं टोक डायलला टेकवून शून्य करा. मग नेहमीच्या कामाच्या गतीवर स्पिंडल फिरवा. दर पाच मिनिटांनी पूर्ण थांबवून त्याच जागी आणा आणि डायल वाचा. काटा सरकायचा थांबला की घड्याळ बघा. ती तुमच्या मशिनची तापायची वेळ. कुणाची वीस मिनिटं निघेल, कुणाची पन्नास. कॅटलॉगपेक्षा हा आकडा खरा.

सकाळची शिस्त: वॉर्म-अप कसा द्यायचा?

बरेच जण बटण दाबून स्पिंडल फिरवत ठेवतात आणि चहाला जातात. त्यानं बेअरिंग तापतात, बॉलस्क्रू थंडच राहतो. अर्धं तापलेलं मशिन पूर्ण थंड मशिनपेक्षा फसवं असतं. पुढचा क्रम ठेवा:

- ल्युब्रिकेशनची पातळी बघा, हँडपंप असेल तर तो मारा. रात्रभरात स्लाइडवरची तेलाची फिल्म उतरलेली असते.
- हायड्रॉलिक चालू करा, चक किंवा फिक्स्चर चार-पाच वेळा उघडबंद करा.
- स्पिंडल कामाच्या गतीच्या पाव गतीवर पाच मिनिटं, मग निम्म्या, मग पाऊण, शेवटी पूर्ण. एकदम वरची गती देऊ नका. थंड ग्रीसवर बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. मशिनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.
- त्याच वेळी सगळे ॲक्सिस चालवा. आधी दोनदा पूर्ण स्ट्रोक, मग तुमचा जॉब ज्या पट्ट्यात होतो तेवढ्याच पट्ट्यात.
- कुलंट सुरू ठेवा, म्हणजे टाकीतलं पाणी हलतं आणि फिक्स्चरही त्याच तापमानाला येतं.
- शेवटी एक-दोन डमी जॉब. बाद कास्टिंग यासाठी एका कोपऱ्यात राखून ठेवा, सगळीच भंगारवाल्याला देऊ नका.

सगळ्यात चांगला वॉर्म-अप म्हणजे जॉबचाच प्रोग्राम, झेड वर उचलून हवेत चालवलेला. मशिन ज्या हालचालीनं तापणार आहे त्याच हालचालीनं तापतं. यासाठी वेगळा प्रोग्राम नंबर ठेवा आणि वर्क ऑफसेट वेगळा वापरा. चालू जॉबच्या ऑफसेटमध्ये झेडचा आकडा बदलून नंतर परत आणायचं विसरलात तर पहिला जॉब नाही, टूल जाईल.

दोन धोके लक्षात असू द्या. लेथवर रिकामा चक मोठ्या गतीनं फिरवू नका. जॉ मध्ये गोल तुकडा किंवा रिंग पकडलेली असावी. आणि टायमर लावून माणूस येण्याआधी मशिन आपोआप सुरू करायची कल्पना काही जण सुचवतात. दार बंद असल्याशिवाय सुरूच होणार नाही असं इंटरलॉक चालू असेल आणि शेडमध्ये कुणीतरी जबाबदार माणूस हजर असेल तरच तो विचार करा. नाहीतर अर्ध्या तासासाठी हात गमवायची वेळ येईल.

थंडी फक्त सकाळी येत नाही

मशिन थांबलं की ते गार व्हायला लागतं. त्यामुळं पहिल्या जॉबची काळजी दिवसातून अनेकदा घ्यावी लागते:

- जेवणाच्या सुट्टीनंतर. पाळीपाळीनं जेवा आणि मशिन चालू ठेवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय.
- लाइट गेली आणि तासाभरानं आली, तेव्हा.
- दुसऱ्या जॉबची सेटिंग करताना दोन तास दार उघडं राहिलं, तेव्हा. सेटर म्हणतो मी आत्ताच सेट केलंय. केलंय, पण थंड मशिनवर केलंय.
- साप्ताहिक सुट्टीनंतरची पहिली पाळी. तीन पाळ्या चालणाऱ्या शॉपमध्ये आठवडाभर काही जाणवत नाही आणि या एका सकाळी सगळे गोंधळतात.

आणखी एक सवय मोडा. पाळी सुरू होताना नवा इन्सर्ट लावायची पद्धत आपल्याकडं पक्की आहे. थंड मशिन आणि नवी धार एकाच वेळी आली की साईज कशामुळं सरकली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इन्सर्ट पाळी संपताना, तापलेल्या मशिनवर बदला आणि दोन जॉब काढून साईज लावूनच निघा. येणाऱ्या माणसाला एकच अडचण सोडवायची राहते.

मोजण्यातली फसवणूक

निम्मे वाद मशिनचे नसतात, मापाचे असतात. नकाशावरचं माप वीस अंश सेल्सिअसला धरायचं असतं. ते आंतरराष्ट्रीय ठरलेलं तापमान आहे आणि आयएसओ १ हे मानक त्यासाठीच आहे. आपल्या शेडमध्ये वीस अंश वर्षातून किती तास असतात, विचार करा.

बिडाचा जॉब आणि पोलादी गेज दोन्ही एकाच तापमानाला असतील तर चिंता नको. दोन्ही जवळपास सारखेच वाढतात. ८० मिलिमीटरवर बारा अंशांच्या फरकानं जेमतेम एक मायक्रॉनची तफावत येते. घोळ होतो तो जॉब गरम आणि गेज गार असताना. नुकताच काढलेला, चाळीस अंशांचा जॉब अठ्ठावीस अंशांच्या मास्टरशी ताडून पाहिलात तर ८० च्या बोअरला दहा मायक्रॉन फुकटचे दिसतात. तासाभरानं तोच जॉब तपासणी विभागात बाद.

ॲल्युमिनियमवाल्यांनी तर जास्तच जपून राहावं. १०० मिलिमीटरचा जॉब तुम्ही ३२ अंशांच्या शेडमध्ये पोलादी मास्टर लावून मोजला. जॉब जवळपास २८ मायक्रॉन वाढलेला आहे, मास्टर १४. म्हणजे तुमच्या गेजवर जॉब १४ मायक्रॉननं मोठा दिसतो. ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीत वीस अंशांना तो तेवढाच लहान भरतो. जॉब तोच, गेज बरोबर, दोन्ही माणसं प्रामाणिक, तरी डेबिट नोट येतेच.

करायचं ते एवढंच: मास्टर रिंग आणि जॉब एकाच टेबलावर, सारखाच वेळ ठेवा. मायक्रोमीटर खिशात किंवा हातात तापवू नका, स्टँड वापरा. टेबलावर शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर टांगा आणि तपासणीच्या कागदावर तापमानाचा एक रकाना वाढवा. पुढं वाद झाला तर हा रकाना वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पैसे घालायचेच असतील तर कुठं?

टॉलरन्स तीस मायक्रॉनच्या वर असेल तर वॉर्म-अप आणि वही यांपलीकडं एक रुपयाही घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधराच्या आत असेल तर पुढचा विचार करा.

*मशिनमधला प्रोब.* प्रत्येक जॉबचा किंवा फिक्स्चरचा संदर्भ नव्यानं घेतो, त्यामुळं सरकलेलं सेंटर तो पकडतो. पण प्रोब त्याच तापलेल्या स्क्रूवर चालतो; स्क्रूची वाढ त्याला दिसत नाही. फिक्स्चरवर माहीत असलेल्या मापाची रिंग बसवून आधी ती प्रोबनं तपासायची सवय ठेवली तरच खरा फायदा.

*लिनिअर स्केल.* नवं मशिन घेत असाल तेव्हाच मागून घ्या. स्क्रू कितीही वाढला तरी जागा थेट स्केलवरून वाचली जाते. स्पिंडलच्या वाढीवर याचा उपयोग नाही, हे विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही.

*स्पिंडल चिलर.* ज्या मशिनवर दिवसभर मोठी गती चालते तिथं उपयोगी. चिलर हवेच्या तापमानाच्या मागं धावतो की ठरावीक तापमान राखतो, हे विचारून घ्या.

*संपूर्ण शॉप वातानुकूलित करणं.* शटर दिवसभर उघडं राहणार असेल तर विजेचं बिल सोडून काही बदलणार नाही. त्यापेक्षा तपासणीची छोटी खोली बंदिस्त करा आणि अचूक कामाचं मशिन शटरजवळून आत हलवा. सकाळचं तिरपं ऊन मशिनच्या एकाच बाजूवर पडत असेल तर पत्र्याला आडोसा करा. एका बाजूनं तापलेला कॉलम वाकतो, आणि ते कुठल्याही ऑफसेटनं भरून निघत नाही.

याखेरीज एक बिनखर्चाचा पर्याय कामाच्या आखणीत आहे. पहिल्या तासात रफिंग लावा, फिनिश बोअर नंतर. सगळ्यांना जमत नाही, पण दोन सेटअपचा जॉब असेल तर सहज जमतं.

लॉट परत आला तर तुमचे हक्क

वसाहतीतले बहुतेक जॉबवर्कवाले मोठ्या कारखान्यांना माल देतात आणि रिजेक्शनची डेबिट नोट आली की निमूटपणे मान्य करतात. पुढची कामं जातील ही भीती खरी आहे. तरी कायदा काय म्हणतो ते माहीत असावं.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मालाचे पैसे करारात ठरल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत, मिळाले पाहिजेत. मालाबद्दल हरकत असेल तर खरेदीदारानं ती माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्यायची असते. तशी घेतली नाही तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. वेळेत हरकत आली, तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागू होतं. वाद सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडं नेता येतो. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीपासून हवी; ऑर्डर घेतल्यावर धावपळ करू नका.

व्यवहारात एवढं करा: फोनवरचं “माल गेला” मान्य करू नका, लेखी मागा. बाद जॉब परत मागवा. कोणत्या गेजनं, किती तापमानाला मोजलं ते विचारा. दोन-तीन जॉब दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकाच टेबलावर मोजावेत, हा आग्रह धरा. याला चांगला ग्राहक नाही म्हणत नाही. तुमच्या वहीत वेळ, तापमान आणि पहिल्या दहा जॉबची मापं असतील तर बोलणं लवकर मिटतं.

आणि ऑपरेटरच्या पगाराला हात लावण्याआधी

काही शॉपमध्ये बाद झालेल्या जॉबची किंमत ऑपरेटरच्या पगारातून कापायची चाल आहे. आधीच्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात आणि आताच्या वेतन संहितेतही अशा कपातीला कडक अटी आहेत. माल खास त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला असावा, नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळं झालेलं असावं, कपातीआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळावी आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त नसावी. सकाळी सातला थंड मशिनवर, वॉर्म-अपला वेळ न देता, “पहिला जॉब साडेसातपर्यंत पाहिजे” असं सांगून उभ्या केलेल्या माणसाचा यात निष्काळजीपणा कुठं दाखवणार? ती कपात टिकणार नाही, आणि टिकूही नये. वॉर्म-अपची वीस मिनिटं उत्पादनाच्या वेळेत धरा आणि पाळीच्या टार्गेटमधून तेवढे जॉब कमी करा.